मराठी माध्यमवाल्यांसाठी इंग्रजी शब्दसंग्रह: पाठांतर सोडा, कार्डं करा

नोकरीला लागून दुसरा महिना चालू होता. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीच्या हिशेब विभागात परदेशी ग्राहकांची बिलं तपासायचं काम माझ्याकडे होतं. लंडनच्या एका ग्राहकाकडून पैसे जमा झाले, पण ते कोणत्या बिलापोटी ते कळेना. मी मेल टाकला: ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट.’ अर्ध्या तासात साहेबांना फोन आला. ग्राहक चिडला होता, त्याला वाटलं आम्ही त्याच्या व्यवहारावर संशय घेतोय.

शाळेपासून माझ्या डोक्यात डाउट म्हणजे शंका. आता मराठीत बघा, शंका विचारतात आणि शंका घेतातही. विचारणारा समजून घेत असतो, घेणाऱ्याच्या मनात किल्मिष असतं. आपण भारतात दोन्हींना डाउट म्हणतो, पण त्या इंग्रज माणसाला फक्त दुसरी शंका ठाऊक. मला ‘क्वेरी’ किंवा साधं ‘क्वेश्चन’ लिहायला हवं होतं. शब्द आला होता, स्पेलिंग बरोबर होतं, मराठी अर्थही पाठ होता. नडलं ते एवढंच की हा शब्द कुणाबरोबर उठतो-बसतो ते माहीत नव्हतं.

त्याआधी मी आप्पा बळवंत चौकातून शब्दार्थांची जाडजूड पुस्तिका आणून रोज पन्नास शब्द घोकायचा प्रयोग केलेला होता. ‘ए’ पासून सुरुवात. तिसऱ्या आठवड्यात मी अजून ‘ए’ मध्येच होते आणि पहिल्या दिवसाचे शब्द पार पुसले गेले होते. खाली लिहिलंय ते त्यानंतरच्या तीन वर्षांत चुकतमाकत जमलेलं आहे. स्पर्धा परीक्षेसाठी असो, मुलाखतीसाठी असो की ऑफिसच्या मेलसाठी, पद्धत हीच चालते.

एक सूचना आधीच देते. या लेखातले सगळे इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहिलेत. त्यातला जो नवा वाटेल त्याचं स्पेलिंग तुम्ही डिक्शनरीत शोधायचं. तोच पहिला गृहपाठ.

काय काय लागेल

- एक दोनशे पानी वही. महागडी डायरी नको, ती खराब होईल म्हणून आपण तिच्यात लिहीतच नाही.
- कोरी कार्डं. मी घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठी वापरल्या. एका पत्रिकेत चार कार्डं सहज निघतात आणि कागद जाड असतो.
- चपलांचा रिकामा खोका आणि पुठ्ठ्याचे चार तुकडे, आत पाच कप्पे पाडायला.
- शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी, छापील किंवा मोबाइलवर. उच्चार ऐकू येत असेल तर उत्तम.
- इंग्रजी-मराठी शब्दकोश. हा दुसऱ्या नंबरवर, कारण पुढे येईलच.
- रोजची पंचवीस मिनिटं.

१. आधी स्वतःजवळचा साठा तपासा

‘मला इंग्रजी शब्दच येत नाहीत’ असं म्हणणारा माणूस दिवसभरात लाइट, गॅस, स्टँड, ऑफिस, टेन्शन, ॲडजस्ट, फॉर्म, रिझल्ट असे शंभरेक शब्द सहज बोलतो. हे भांडवल आहे, फक्त ते पारखून घ्यावं लागतं. मराठीत येताना कित्येक शब्दांनी अंगरखा बदललाय. आपण हॉटेलात मिसळ खातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, मिसळ मिळते ते रेस्टॉरंट. आपली लाइट जाते, त्यांची पॉवर जाते. आपण कागदाची झेरॉक्स काढतो, ते फोटोकॉपी काढतात. आपलं मटन बहुतेक वेळा बोकडाचं, ब्रिटनमध्ये मटन म्हणजे मेंढीचं. आणि ‘आय पास्ड आउट इन २०१५’ असं परदेशी माणसाला सांगितलंत तर तो काळजीने विचारेल, काय झालं होतं? पास आउट म्हणजे तिकडे सहसा बेशुद्ध पडणं. पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

वहीची पहिली चार पानं अशा शब्दांना द्या. डावीकडे आपण वापरतो तो अर्थ, उजवीकडे डिक्शनरीतला. माझे पन्नासेक शब्द निघाले आणि मेलमधल्या निम्म्या चुका तिथेच सापडल्या.

२. शब्द स्वतःच्या कामातून घ्या, दिवसाला पाचच

पुस्तिकेतल्या यादीत एकाच पानावर ‘ॲबडिकेट’ आणि ‘ॲबॅटॉयर’ भेटतात. राजानं गादी सोडणं आणि कत्तलखाना. मला आजवर दोन्हींची गरज पडलेली नाही. तुम्ही नर्सिंग करत असाल तर औषधाच्या वेष्टनावरचे शब्द घ्या, शेतीमाल पाठवत असाल तर निर्यातीच्या कागदांवरचे. परीक्षा देत असाल तर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांमधले. एमपीएससीच्या गट ब आणि गट क च्या मुख्य परीक्षेत मराठीबरोबर इंग्रजीचेही प्रश्न असतात, आणि जुने पेपर चाळले की शब्दांची ठेवण लक्षात येते.

माझा नियम असा: शब्द पहिल्यांदा दिसला की नुसती खूण करायची. दुसऱ्यांदा दिसला की तो कार्डावर. जो पुन्हा दिसलाच नाही त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. पाच शब्द, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे तीस. रविवारी नवा शब्द नाही.

३. डिक्शनरीतली पूर्ण नोंद वाचा

आपण अर्थ बघतो आणि डिक्शनरी मिटतो. खरा ऐवज त्याच्या पुढे असतो. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या डिक्शनऱ्या दोन-तीन हजार सोप्या शब्दांच्या आतच सगळे अर्थ समजावतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. सुरुवातीला आठ दिवस जड जातं, मग सवय होते.

इंग्रजी-मराठी कोश दुसऱ्या नंबरवर ठेवायचं कारण सांगते. ‘सावली’ घ्या. झाडाखाली आपण सावलीत बसतो आणि भिंतीवर आपलीच सावली पडते. इंग्रजीत बसायची ती ‘शेड’, पडते ती ‘शॅडो’. कोशात दोन्हींपुढे सावली लिहिलेलं आढळेल आणि तुम्ही शॅडोत बसाल. तसंच भाडं. एसटीचं भाडं ‘फेअर’, खोलीचं ‘रेंट’, ट्रकनं माल पाठवायचं ‘फ्रेट’. ऐकणं म्हणाल तर कानावर पडलं ते ‘हिअर’, कान देऊन ऐकलं ते ‘लिसन’. उलटही होतं बरं का. आपण साडी नेसतो, शर्ट घालतो, चष्मा लावतो; इंग्रजीचं एका ‘वेअर’ मध्ये भागतं.

आता एक कार्ड कसं भरायचं ते दाखवते. शब्द आहे ‘रिलक्टंट’.

पुढच्या बाजूला फक्त शब्द, रोमन लिपीत, आणि शब्दाच्या ज्या तुकड्यावर बोलताना जोर येतो त्याखाली रेघ. इथे जोर ‘लक’ वर.

मागच्या बाजूला:
- जात: विशेषण.
- अर्थ: करायला मन तयार नाही, कदाचित करेलही, पण आढेवेढे घेत.
- सोबत: पुढे ‘टू’ आणि क्रियापद. रिलक्टंट टू साइन, रिलक्टंट टू आन्सर.
- माझं वाक्य: ‘शी वॉज रिलक्टंट टू लेंड मी हर स्कूटी.’ स्कूटी द्यायला तिने आढेवेढे घेतले. (माझ्या खोलीतल्या मैत्रिणीबद्दल, आणि खरं आहे.)
- जवळचे: ‘अनविलिंग’, म्हणजे इच्छाच नाही. ‘हेझिटंट’, म्हणजे मनाचं ठरत नाही.
- उलट: ‘विलिंग’, ‘ईगर’.
- कुटुंब: रिलक्टन्स, रिलक्टंटली.

कार्डावर सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘सोबत’. चहा कडक असतो म्हणून इंग्रजीत ‘हार्ड टी’ होत नाही, ‘स्ट्राँग टी’ होतो. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि देतो तो मास्तर. आपण फोटो काढतो, ते ‘टेक’ करतात. चूक ‘मेक’ होते, गृहपाठ ‘डू’ होतो. याला नियम विचारू नका. आपल्याकडे पाऊस पडतो, वारा सुटतो आणि थंडी वाजते, त्याला तरी कुठला नियम आहे?

*इथला मोठा खड्डा:* कार्डावर उच्चार देवनागरीत लिहिणं. मी वर्षभर लिहीत होते. ‘टेस्ट’ म्हणजे चव की चाचणी? ‘पेपर’ म्हणजे कागद की मिरी? ‘वेट’ म्हणजे थांबणे, वजन की ओला? देवनागरीत तिन्ही सारखे दिसतात. थांबणे आणि वजन यांचा उच्चार खरोखरच एक आहे, ओल्याचा मात्र आखूड आहे, आणि आपली लिपी तो फरक गिळून टाकते. उच्चार कानाने घ्या. मोबाइलवर तीनदा ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

४. समानार्थी शब्द: आधी मराठीत रांग लावा

परीक्षेच्या पुस्तकात समानार्थी शब्द बरोबरचं चिन्ह टाकून छापतात. ‘स्लिम’ बरोबर ‘थिन’ बरोबर ‘स्किनी’. आता हीच रांग मराठीत लावून बघा: सडपातळ, बारीक, हडकुळी. मुलगी बघायला आलेल्यांसमोर यातला कोणता शब्द वापरायचा हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तरी तुम्ही चुकणार नाही. ही जाण आपल्याकडे तयार आहे, ती फक्त इंग्रजीवर बसवायची.

मी वहीत तीन घरं आखते: कौतुकाचा, साधा, टोचणारा. काटकसरी माणूस ‘थ्रिफ्टी’, कंजूष ‘स्टिंजी’. जिद्दी ‘डिटरमाइंड’, हट्टी ‘स्टबर्न’. निरागस ‘चाइल्डलाइक’, पोरकट ‘चाइल्डिश’. ‘चीप’ आणि ‘इनएक्सपेन्सिव्ह’ दोन्ही स्वस्तच, पण पाहुण्यानं आणलेल्या भेटीला चीप म्हणालात तर संबंध संपले.

दुसरा फरक घरच्या आणि सरकारी भाषेचा. इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द असण्याचं एक मोठं कारण इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार आणि कोर्टात फ्रेंच चालली. सामान्य लोक आपली जुनी इंग्रजी बोलत राहिले. त्यामुळे गोठ्यातला प्राणी ‘शीप’ राहिला आणि ताटातलं मांस फ्रेंच वळणाचं ‘मटन’ झालं. पिग आणि पोर्कचंही तेच. ‘बाय’ घरचा, ‘परचेस’ फ्रेंचमधून आलेला. ‘हेल्प’ घरचा, ‘असिस्ट’ बाहेरचा. ‘बिगिन’ घरचा, ‘कमेन्स’ बाहेरचा. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेली ‘मदत’ घरात रुळली आणि संस्कृत ‘साहाय्य’ निमंत्रणपत्रिकेत गेलं, तसंच काहीसं. मित्राला व्हॉट्सॲपवर ‘प्लीज असिस्ट मी’ लिहिणं म्हणजे ‘कृपया साहाय्य करावे’ म्हणण्यासारखं. चुकीचं काही नाही, पण तो हसेल.

नवा समानार्थी शब्द घेताना एक चाचणी करा. जुन्या वाक्यात तो तसाच बसवा. ‘बिग मिस्टेक’ चालतं, ‘लार्ज मिस्टेक’ कानाला खटकतं. ‘बिग सिस्टर’ म्हणजे मोठी ताई, ‘लार्ज सिस्टर’ म्हणाल तर ताई बोलणार नाही.

५. विरुद्धार्थी: कशाच्या विरुद्ध ते आधी विचारा

‘ओल्ड’चा विरुद्धार्थी काय? माणूस असेल तर ‘यंग’, साडी असेल तर ‘न्यू’. मराठीत म्हातारा आणि जुना वेगळे असल्यामुळे आपल्याला हा प्रश्न पडत नाही. इंग्रजीत मात्र एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही बसलेत. ‘हार्ड’ गादीची उलट ‘सॉफ्ट’, हार्ड गणिताची ‘ईझी’. ‘लाइट’ बॅगेची ‘हेवी’, लाइट रंगाची ‘डार्क’. ‘शॉर्ट’ माणसाची ‘टॉल’, शॉर्ट रस्त्याची ‘लाँग’. म्हणून विरुद्धार्थी शब्द कधी सुटा लिहू नका, जोडीला नाम हवंच.

शिवाय ‘नाही’ म्हणजे उलट असं समजू नका. चहा गरम नसेल तर तो गार असेलच असं नाही, कोमट असू शकतो. हॉट, वॉर्म, कूल, कोल्ड अशी शिडी असते. डेड आणि अलाइव्हच्या मध्ये मात्र पायरी नाही.

परीक्षेतला नेहमीचा सापळा: प्रश्न विरुद्धार्थी विचारतो आणि पर्यायांत पहिलाच समानार्थी असतो. घाईत डोळा त्याच्यावर जातो. प्रश्नातल्या ‘ॲन्टॉनिम’ खाली पेन्सिलीनं रेघ मारायची सवय लावा. माझे दोन मार्क याच्यातच गेलेत.

६. उपसर्ग आणि धातू: संस्कृतचा थोडा फायदा घ्या

नकारासाठी इंग्रजीत अन, इन, डिस, नॉन असे उपसर्ग लागतात. यातल्या ‘इन’ची गंमत अशी की पुढच्या अक्षराप्रमाणे तो वळतो. प, ब, म पुढे आला की ‘इम’: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॉरल. ल आला की ‘इल’: इललीगल. र आला की ‘इर’: इररेग्युलर. ज्यांनी शाळेत व्यंजनसंधी केला त्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘अन’ मात्र जागचा हलत नाही, ‘अनप्लेझंट’च राहतो.

पण उपसर्ग दिसला की डोळे झाकून नकार लावू नका. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकिमतीचा नव्हे, मोल करता येत नाही इतका मौल्यवान. आपला ‘अमूल्य’ तसाच बनलाय. कवडीमोल म्हणायचं असेल तर ‘वर्थलेस’. ‘इनफेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध. आणि पेट्रोलच्या टँकरमागे लिहिलेलं ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे चट्कन पेट घेणारं. ‘फ्लेमेबल’चा अर्थही अगदी तोच. ही चूक वहीत राहिली तर ठीक, टँकरजवळ नको.

धातूंच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे कितीतरी शब्द चुलतभावंडं निघतात. दंत आणि डेंटल. पद आणि पेडेस्ट्रियन. अग्नी आणि इग्नाइट. दान आणि डोनेट. मृत्यू आणि मॉर्टल. सर्प आणि सर्पंट. विधवा आणि विडो. सप्त, अष्ट, नव, दश हे तर सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ओळीने उभे आहेत; जुन्या रोमन दिनदर्शिकेत वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा. एक धातू कळला की पाच-सात शब्द फुकट पदरात पडतात: पेडल, पेडेस्टल, पेडिक्युअर, सेंटिपीड.

सारखा आवाज म्हणजे नातं, असं मात्र धरू नका. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ जुळे वाटतात, पण त्यांचा काही संबंध नाही.

जाता जाता: मुंगूस आपला. इंग्रजीतला ‘मोंगूस’ मराठीतून गेलाय. त्याचं अनेकवचन ‘मोंगूसेस’, ‘गूस’चं ‘गीस’ होतं म्हणून ‘मोंगीस’ करू नका.

७. खोक्यातली उजळणी

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत भराभर निसटतं, मग वेग कमी होतो. म्हणजे पन्नास शब्द विसरले यात माझ्या मेंदूचा दोष नव्हता. उपाय एकच, निसटायच्या बेतात असताना पुन्हा पकडायचं. त्यासाठी कप्प्यांची पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. कार्डांची मोबाइल ॲप्स हेच काम करतात. मला खोकाच बरा वाटतो, कारण मोबाइल हातात घेतला की मी भलतीकडेच पोचते.

- नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. हा कप्पा रोज बघायचा.
- बरोबर आलं की दुसऱ्यात, तो एक दिवसाआड. मग तिसऱ्यात, आठवड्यातून एकदा. चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्यातून एकदा.
- चुकलं की कार्ड कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात.

बरोबर कधी म्हणायचं? मराठी अर्थ आठवला तर अर्धंच. त्या शब्दाचं नवं वाक्य तोंडी करता आलं तर बरोबर. इथे स्वतःला फसवणं फार सोपं असतं. कार्ड उलटून ‘हां, हेच म्हणणार होते’ असं म्हणालात की समजा, ते पहिल्या कप्प्यात.

८. आठवड्यातून तीन शब्द जगात सोडा

ओळखीचे शब्द आणि वापरातले शब्द यांत मोठी दरी असते. ती कार्डांनी बुजत नाही. दर आठवड्याला तीन शब्द निवडा आणि ते कुठे वापरणार ते आधीच ठरवा: एक मेलमध्ये, एक बोलताना, एक वहीतल्या पाच ओळींच्या टिपणात. तीनच, जास्त नको. नाहीतर मेल वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही डिक्शनरी अंगावर फेकताय.

लिहून झालं की कुणाला तरी दाखवा. मला ऑफिसातल्या एका मॅडम मेल जाण्याआधी वाचून द्यायच्या. त्या शब्द बदलायच्या नाहीत, फक्त खाली लाल टिंब काढायच्या. काय चुकलं ते मी शोधायचं.

आणि खाडा होणारच. लग्नसराई, गावची जत्रा, आजारपण, मार्चअखेर. चार दिवस गेले तर चार दिवसांची थकबाकी भरायला बसू नका. थकबाकीच्या धसक्यानं खोका कायमचा बाजूला पडतो तो त्याच रात्री. त्या दिवशी नवा शब्द घ्यायचा नाही, फक्त पहिला कप्पा बघायचा. पाच-सात मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुसरा कप्पा.